बोलून ठेवलेलं अंतर

देवदत्तने टेपचं एक टोक तोफेच्या तोंडाशी टेकवलं, दुसरं टेकडीच्या उतारावरल्या पहिल्या घोड्यापर्यंत ओढलं आणि एक डोळा मिटून आकडा वाचला.

“साडेतेवीस,” तो म्हणाला. “पल्ल्यात आहेत.”

हेमांगीला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. तोफेचा पल्ला चोवीस इंचांचा. दहाच मिनिटांपूर्वी ते आठ स्वार उतारावर ठेवताना तिने मोठ्याने सांगितलं होतं, “हे तुझ्या तोफेच्या बाहेर ठेवतेय हां,” आणि देवदत्त मानही वर न करता म्हणाला होता, “हो हो, बाहेर. चल पुढे.” टेकडी थर्माकोलची. तिच्यावर घोडे धड उभे राहत नाहीत, अर्धाएक इंच घसरतातच. म्हणून तर बोलून ठेवायचं.

बोलून ठेवणं ही त्यांच्या घाटकोपरच्या क्लबातली पहिल्या दिवसापासूनची रीत. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर टेकड्या, काडेपेटीएवढी घरं आणि बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले शिपाई. दर डावाला दोन्हीकडचे मिळून शंभरेक शिपाई इंचांत मोजून सरकवायचे. प्रत्येकाला टेप लावत बसलं तर एक लढाई संपायला दोन दिवस लागतील. म्हणून ठेवतानाच तोंडाने सांगायचं, की मी हा तुझ्या पल्ल्याबाहेर ठेवतोय. समोरचा हो म्हणाला की तो बाहेर. मग टेप काही का म्हणेना. सात वर्षांत ह्या शब्दावरून क्लबात कधी तंटा झाला नव्हता. हेमांगीची सासू सगुणा चेंबूरच्या बाजारात म्हावरं विकायची, आणि एकदा तोंडातून भाव निघाला की गिऱ्हाईक सगळा बाजार फिरून परत आलं तरी तोच भाव द्यायची. हेमांगीला तो बाणा आवडायचा, आणि ह्या खेळातही तोच बाणा दिसला म्हणून ती त्यात रमली होती.

“देवा, आपण बोलून ठेवलं होतं,” ती म्हणाली.

“काय बोलून?”

“बाहेर आहे म्हणून. तू हो म्हणालास.”

“मी म्हटलं, बाहेर दिसतंय. दिसणं वेगळं, असणं वेगळं. आता साडेतेवीस भरतंय तर मी काय करू, यार? टेप काय खोटं बोलतो का?”

असं म्हणून तो हसला. त्या हसण्याने हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवदत्त हा क्लबाचा संस्थापक, मुंबईच्या संघाचा कप्तान, आणि तिला हा खेळ शिकवणाराही तोच. बोलून ठेवायची रीत तिला समजावून सांगणाराही तोच! कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

तिने दोघांमधलं घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

“सर!”

मुलुंडच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये खाली बोर्ड गेमवाल्यांची जत्रा भरली होती आणि वरच्या मजल्यावर मुंबईचा संघ निवडायच्या ह्या लढाया. स्टेजच्या मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाची थर्माकोलची अक्षरं अजून तशीच होती. तिथून नंदकुमार सर उठून आले. बोरिवलीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली होती, आणि आता ते पंच म्हणून गळ्यात शिट्टी अडकवून हिंडायचे. ती शिट्टी त्यांनी कधी वाजवली नव्हती. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि टेकडीकडे निरखून पाहिलं.

“नियम दोघांनाही माहीत आहे,” ते म्हणाले. “दोघांचं एकमत असेल तर शब्द धरायचा. नसेल तर तिसऱ्या कुणी ऐकलंय का ते विचारायचं. तेही नसेल तर टेप. तेव्हा इथं कोण होतं?”

“निमेश होता,” हेमांगी म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. निमेश तिच्या मागे हातभर अंतरावर चहा घेऊन उभा होता हे तिला माहीत होतं. त्याची स्वतःची लढाई लवकर आटपली होती आणि गेला अर्धा तास तो तिथंच होता. ती घोडे ठेवत असताना तो तिच्या कानाशी वाकून म्हणालासुद्धा होता, “उतारावर नको गं ठेवूस, घसरतील.” त्यावर ती म्हणाली होती, “बोलून ठेवते ना.” आणि मग ती देवदत्तशी बोलली होती. नवऱ्याला साक्षीला बोलावताना वळून कशाला बघायचं?

“निमेश?” सरांनी विचारलं.

निमेशने चहाचा घोट घेतला. तो गिळायला त्याला जरा वेळ लागला.

“माझं लक्ष नव्हतं सर,” तो म्हणाला. “मी तिकडे चार नंबरचं टेबल बघत होतो.”

आता मात्र हेमांगी वळली. निमेश कपात बघत होता.

“मग टेप,” सर हळूच म्हणाले आणि निघून गेले.

देवदत्तने फासे टाकले. आठातले पाच स्वार गेले. हेमांगीने एकेक घोडा उचलून डब्यातल्या स्पंजच्या खाचेत आडवा केला. पाचवा घोडा ठेवताना त्याच्या स्वाराचा भाला वाकला. तो सरळ करण्याएवढा धीर तिच्या बोटांत उरला नव्हता.

“पाच मिनिटं,” ती म्हणाली आणि हॉलच्या मागच्या बाजूला चालू लागली.

मागे पंगतीतल्या पाहुण्यांनी हात धुवावेत म्हणून ओळीने दहाबारा बेसिनं होती. हेमांगीने शेवटच्या बेसिनचा नळ सोडला आणि हात नुसते पाण्याखाली धरून उभी राहिली. निमेश मागोमाग येणार हे ठाऊकच होतं. तो आला आणि दोन बेसिनं सोडून थांबला.

“हेमा, ऐक ना.”

“तू ऐकलं होतंस.”

त्याने समोरचा नळ उगाच उघडला आणि बंद केला.

“ऐकलं होतंस की नाही, तेवढं सांग.”

“ऐकलं होतं,” निमेश म्हणाला. “पण मी तिथं बोललो असतो तर काय झालं असतं, सांग? जरा डोकं शांत ठेवून विचार कर.”

मग त्याने सगळा हिशोब मांडला. बंगळुरूच्या स्पर्धेला चौघे जाणार. गुणांवर पहिले तिघे, आणि चौथा कप्तान निवडणार. देवदत्त पहिला, विकी दुसरा, हे आता ठरल्यातच जमा. हेमांगी तिसरी, पण ही लढाई हरली तर बोरिवलीची कल्पिता तिच्या वर जाणार. निमेश स्वतः सहावा. म्हणजे त्याची सगळी मदार देवदत्तवर. सगळ्यांसमोर देवदत्तला खोटं पाडलं असतं तर तो ह्याला कशाला निवडेल?

“आणि मी नसेन तर तू तिकडे कुणाबरोबर खेळणार?” निमेश म्हणाला. “जोडीने खेळायचंय ना तिकडे? आठ महिने आपण काय झक मारली? मी आपल्या दोघांसाठीच गप्प बसलो गं.”

आठ महिने. ते खोटं नव्हतं. बंगळुरूला दोघांनी मिळून एकच सैन्य चालवायचं असतं. त्यासाठी माहुलच्या घरात, संध्याकाळी रिफायनरीचा वास सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि दोघं ओट्याशेजारच्या टेबलावर रंगवायला बसायची. तो घोडे रंगवायचा, ती चेहरे. त्याचा हात स्थिर होता, एका घोड्याच्या आयाळीला तो तासभर द्यायचा. सगुणा येता जाता म्हणायची, “मेले बाहुल्या खेलतान,” आणि तरी जेवणाचं ताट टेबलाच्या कडेला बेताने ठेवायची, रंगाला धक्का लागू नये म्हणून. त्या टेबलावर हेमांगी सुखात होती. म्हणूनच तिला आता हा माणूस डोळ्यांसमोर नकोसा झाला होता.

“मागच्या वर्षी टँकरने माझी स्कूटर उडवली,” ती म्हणाली, “तेव्हापण तुझं लक्ष नव्हतं. तू माझ्या मागे बसला होतास, निमेश! हवालदाराला म्हणालास, मी फोनमध्ये होतो.”

“तो ड्रायव्हर गावातलाच होता गं. रोज तोंड बघायचं. कशाला वाढवायचं?”

“आणि त्या दिवशी तुझा काका आंगणात सगळ्यांसमोर म्हणाला, बायको नोकरीला आणि नवरा बाहुल्यांना. तेव्हा कुठे होतास?”

“ते मनावर घेण्यासारखं होतं का? म्हातारा माणूस.”

निमेशचं लक्ष नेमकं हवं तेव्हाच नसायचं. बाकी वेळी त्याच्याएवढं लक्ष कुणाचं नाही. भाजीत मीठ कमी आहे हे त्याला वासावरून कळे, तिचं डोकं दुखतंय हे तिच्या आधी त्याला कळे. लोक तिला सांगायचे, नशीबवान आहेस, नवरा किती शांत. शांत! मूग गिळून बसणाऱ्याला लोक शांत म्हणतात, आणि त्याच्या वाटचं भांडण जी भांडते तिला भांडकुदळ. हेमांगीने नळ इतका घट्ट पिळला की हाताला वळ उठला.

“चल, वेळ झाली,” निमेश म्हणाला. “तू हरलीस तरी हरकत नाही. सांगू आपण त्याला, मन वळवू.”

“मग चौथी जागा एकच उरते, निमेश,” ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरून पुढे निघून गेली.

टेबलापाशी येऊन तिने घड्याळ पाहिलं. प्रत्येकाला एकूण सव्वा तास. बुद्धिबळासारखं ज्याची पाळी त्याचं घड्याळ चालतं, आणि वेळ संपली की त्याने आपल्या बाहुलीला बोटही लावायचं नाही. तिची एकतीस मिनिटं उरली होती, देवदत्तची अठ्ठावीस. तीन डाव बाकी, म्हणजे दोघांच्या तीन-तीन पाळ्या. टेबलावर तीन ठाणी होती, टेकडी, विहीर आणि पूल. शेवटी ज्याच्याकडे जास्त ठाणी तो जिंकला. टेकडी आता गेल्यातच जमा होती. विहिरीवर तिचं पायदळ होतं. पुलाजवळ दोघांचंही कुणी नव्हतं, पण देवदत्तचं सगळं पायदळ त्याच दिशेने चाललं होतं. साठ शिपाई, सहा रांगा. तिच्याकडे उरलेले तीन घोडे आणि वीसेक माणसं.

साठ शिपाई. ती त्या आकड्यावर थांबली. राग डोक्यात तसाच होता, पण हात आता थंड पडले होते.

तिने आपली पाळी दोन मिनिटांत संपवली. प्रत्येक चाल टेपने मोजली, न बोलता. मग घड्याळाचं बटण दाबलं.

देवदत्तने सवयीप्रमाणे पहिली रांग दोन्ही तळहातांनी अलगद पुढे ढकलली. “सहा इंच, बरोबर?”

“टेप लाव,” हेमांगी म्हणाली.

“अगं सहाच आहे.”

“टेप लाव. प्रत्येकाला.”

देवदत्तने तिच्याकडे पाहिलं. “प्रत्येकाला म्हणजे?”

“दहाही जणांना. रांगेतला कुठलाच सहाच्या पुढे जाता कामा नये. आपल्याकडे आता बोलून ठेवत नाहीत ना?”

“हेमांगी, असं कोण खेळतं?”

“सरांना विचार.”

त्याने विचारलं. नंदकुमार सर आले, दोन क्षण घड्याळाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “समोरच्याने मागितलं तर मोजावं लागतं. मोजताना घड्याळ तुझंच चालणार.” देवदत्तला काय होतंय ते कळलं. तो चांगला खेळाडू होता, कळायला त्याला वेळ लागला नाही. पण तोवर दीड मिनिट गेलं होतं.

मग त्याने मोजायला सुरुवात केली. एक शिपाई, टेप, सहा इंच. दुसरा शिपाई, टेप, सहा इंच. घाईत एक आडवा पडला तर हेमांगी म्हणाली, “परत मोज.” दोनदा त्याने अंदाजे ठेवलं आणि दोनदा तिने आपला टेप लावून दाखवलं, सव्वासहा. त्याने शिपाई मागे घेतले. टेबलाभोवती हळूहळू माणसं जमू लागली. कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही. ह्या खेळात असं कुणी कुणाशी वागत नाही, आणि ज्याच्याशी वागतात त्याने काहीतरी केलेलं असतं, एवढं सगळ्यांना समजत होतं. देवदत्तच्या मानेवर घाम आला. एकदा तो म्हणाला, “मजा घालवलीस यार खेळाची,” आणि हेमांगी म्हणाली, “वेळ चाललाय तुझा.”

मजा तर तिचीही गेली होती. ज्या शब्दासाठी तिला हा खेळ आवडायचा, तो शब्द तिनेच टेबलावरून उचलून बाहेर फेकला होता. ते तिला टोचत होतं. तरी तिने एकही शिपाई सोडला नाही.

शेवटच्या डावात देवदत्तपाशी चार सेकंद उरले. त्याची पुढची रांग पुलापासून अडीच इंचांवर होती. त्याने टेप ओढला आणि पहिल्या शिपायाला हात घालतो तोच घड्याळ वाजलं. हेमांगीने आपले तीन घोडे पुलावर नेले, तिन्ही मोजले आणि हात मागे घेतला. विहीर आणि पूल तिचे, टेकडी त्याची.

लढाई संपली की हात मिळवून “चांगला खेळ” म्हणायचं असतं. तिने हात मिळवला. बाकीचं म्हटलं नाही.

स्टेजवरच्या टेबलावर नंदकुमार सरांनी बंगळुरूला पाठवायचा फॉर्म मांडला. सहाच्या आत सगळ्यांच्या सह्यांनिशी त्याचा फोटो जायला हवा होता. देवदत्त, विकी आणि हेमांगी ही तीन नावं सरांनी आपल्या रेखीव अक्षरात आधीच लिहिली होती.

“चौथा कोण?” सरांनी कप्तानाला विचारलं.

देवदत्तने तोंडावर पाणी मारून आल्यासारखा चेहऱ्यावरून रुमाल फिरवला. हरल्याचं त्याने एव्हाना गिळलं होतं. तसा तो फार वेळ रागावणारा माणूस नव्हता. “निमेश,” तो म्हणाला. “विचार कशाला करायचा? शांत माणूस आहे. टीममध्ये असा एक लागतो.” त्याने निमेशच्या पाठीवर थाप मारली.

निमेश हसला, आणि हसतच त्याने हेमांगीकडे बघितलं. मी म्हटलं नव्हतं का, असं ते बघणं होतं. त्याचा हिशोब चोख निघाला होता. ती जिंकली, तो निवडला गेला, आणि कुणाचं कुणाशी वाकडं झालं नाही. त्याचा चेहरा इतका मोकळा आणि आनंदी होता, की क्षणभर तिला त्याची कीव आली, आणि त्याचाही तिला राग आला.

“जोड्या?” सर म्हणाले.

“एक कोळी नवरा-बायको,” देवदत्त म्हणाला, “आणि एक मी आणि विकी. झकास.”

“पेन द्या सर,” हेमांगी म्हणाली.

सरांनी पेन दिलं. तिने फॉर्म आपल्याकडे ओढून जोड्यांचे दोन्ही रकाने भरले आणि कागद परत सरकवला. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं.

“देवदत्त आणि हेमांगी. विकी आणि निमेश.”

विकीने खांदे उडवले. “मला काय, कोणीही चालेल यार.”

देवदत्त मात्र तिच्याकडे बघतच राहिला. “माझ्याबरोबर? तू चिडलीयस ना माझ्यावर?”

“चिडलेय.”

“मग?”

“तू समोर उभा राहून खोटं बोललास. मला दिसलास तरी,” हेमांगी म्हणाली. “आणि टेप माझ्याकडे राहील.”

देवदत्तचे कान लाल झाले. त्याने आपल्या नावापुढे सही केली. त्याच्यामागून विकीने केली. पेन फिरून हेमांगीकडे आलं. तिने ते कागदावर टेकवलं, पण सही केली नाही.

सर तिच्याकडे बघत होते. शाळेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला पुष्कळ कळत असावं. ते निमेशकडे वळले.

“निमेश, तुला मान्य आहे का? नसेल तर सांग. अजून खोडता येईल.”

हेमांगी खाली कागदाकडे बघत होती आणि तिचं सगळं अंग कान झालं होतं. त्याने एवढंच म्हणावं, नाही सर. आठ महिने आम्ही बसलोय, ती माझी जोडीदार आहे. देवदत्तसमोर म्हणावं, विकीसमोर म्हणावं, वाटल्यास तिच्यावर ओरडून म्हणावं. तिने ती सगळी ओळ आडवी खोडली असती.

निमेशने देवदत्तकडे पाहिलं, मग सरांकडे.

“चालेल ना सर,” तो म्हणाला. “उगाच वाद कशाला.”

हेमांगीने सही केली आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं.